बाळंतिणीच्या खोलीतला समुद्र

परभणीच्या आमच्या घरमालकांनी स्वतःच्या घरातली सगळ्यात थंड खोली मला दिली, म्हणून माझी थोरली मुलगी आणि मी तो उन्हाळा पार केला. हे आधीच लिहून टाकते. शाळा मी सहावीत सोडली. लिहिताना कुठल्या कुठे वाहवत गेले तर निदान एवढं तरी कागदावर राहिलेलं असेल.

मालकांचं नाव लिहीत नाही. त्यांनी सगळी नोकरी एका टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून केली. “पडद्यावर सगळ्यांची नावं येत्यात. शिंप्याचं येतं, केसं विंचरणाऱ्याचं येतं. मशीनवाल्याचं येत न्हाई,” असं ते सांगायचे, पण तक्रार म्हणून नाही. अंधारात बसून उजेड टाकणाऱ्याचं तोंड लोकांना दिसू नये, हेच बरोबर, असं त्यांचं मत. म्हणून मीही त्यांना मालकच म्हणते. गल्लीतली बारकी पोरंसुद्धा मालकच म्हणत.

आम्ही दोघंही देवगडच्या खालच्या अंगाचे, खाडी समुद्राला मिळते तिथले. नवऱ्याला लाईनमनची नोकरी लागली आणि नेमणूक थेट परभणीला. खोली शोधत हिंडलो. कुणी विचारी, मासे शिजवता का. कुणी विचारी, कोणातले. मालकांनी दोनच गोष्टी विचारल्या.

“लाईनमन हायेत म्हणं तुमी?”

“होय,” नवरा म्हणाला.

“आन् गाव?”

“समुद्राला लागून.”

मालकांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “लाईनमन आन् समुद्र, एकाच बिऱ्हाडात,” ते स्वतःशीच म्हणाले. “या. आत या. बाकीचं मागून बोलू.”

आत माळवदाची खोली होती. जाड भिंती, वर मातीचं जाड छत, आणि छताच्या मधोमध उजेडासाठी ठेवलेला चौकोनी झरोका. भिंतीला लागून विटांच्या ओट्यावर एक आडवी काचेची पेटी, काठोकाठ पाण्यानं भरलेली. त्या पाण्यात दगडाला धरून बसलेलं एक समुद्रफूल. फूल म्हणायचं, पण ते जनावर. खाली जाड देठ, देठाच्या तळव्यानं दगड पकडलेला, आणि वर ताटाएवढा नुसत्या बोटांचा पसारा. बोटं मातकट हिरवी, टोकाला जांभळी. वारा नसताना ती हलत होती.

मालकांनी वरची काच उचलली आणि वास आला. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांचा वास. मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं मला मळमळलं.

“तुमच्याकडं असत्यात का असली?”

“असतात,” मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. आमच्याकडं ओहोटीला खडकांवर बुळबुळीत तपकिरी गोळे चिकटलेले दिसतात. पाय पडला की पाण्याची चिळकांडी मारतात. कालवं काढायला जाताना आम्ही ते चुकवून चालायचो. त्यांना कुणी फूल म्हणत नाही. भरतीत पाण्याखाली ते असे उमलून बसत असतील, हे मला समुद्रापासून इतक्या लांब, परभणीत आल्यावर कळलं.

पण त्या एका ‘असतात’मुळं मालकांच्या लेखी मी समुद्राची जाणती ठरले. रोज सकाळी प्रश्न. “ताई, आज मिटून बसलीय. काय झालं असंल?” एकदा घाबरून मी म्हणाले, “ओहोटी असेल.” मालकांनी हसायला हवं होतं. ते पंचांग काढून बसले. तिथीवरून भरतीची वेळ काढायला मला माझ्या वडलांनी शिकवलं होतं, तेवढंच मला येत होतं, ते मी सांगितलं. तेव्हापासून अमावास्या-पुनवेला मालक पेटीतलं पाणी लाकडी डावानं जास्त वेळ ढवळायचे. गल्लीतून कुणी हाक मारली तर आतूनच सांगायचे, “उधाण हाय, मागून या.” मला मात्र एकच धास्ती, की हिला काही येत नाही हे एक दिवस यांना कळणार आणि आमची खोली जाणार.

आमची खोली म्हणजे अंगणापलीकडची, पत्र्याची. पण दुपारची मी मालकांच्या माळवदातच असायची. पेटीत हवा सोडणारी एक छोटी मोटर होती, तिचे बुडबुडे दिवसभर चालत. डोळे मिटून ऐकलं की होडीच्या बुडाशी पाणी वाजतं तसं वाटायचं. कधी कधी माझे डोळे भरून यायचे. मालक तेव्हा माझ्याकडं बघत नसत. “बसा,” म्हणायचे, “विंटरवल हाय अजून.”

त्यांच्या तोंडी सगळं टॉकीजचं. फुलाला ते हिरोईन म्हणायचे. मुंबईहून सिनेमाच्या रिळांच्या पेट्या घेऊन येणारा माणूस ओळखीचा होता. त्यानं ती एका दुकानातून आणली, दुधाच्या कॅनमध्ये, दगडासकट, मनमाडला गाडी बदलून. समुद्राचं पाणीही तोच कॅनमधून आणायचा. त्या जनावराच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, ते उजेडावर जगतं आणि आपल्यातलं हिला देतं, हे मालकांनीच मला सांगितलं.

“भाडेकरू हाय ते शेवाळ,” ते म्हणाले. “पर असा भाडेकरू, जो मालकाला जेवू घालतो.”

“आम्ही पण घालतो की,” मी म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना सोलकढी नेऊन दिली होती.

“ती पिऊन मला दोन दिस आंबट ढेकरं यायलेत,” मालक म्हणाले. “त्या शेवाळाचं तसं न्हाई.”

उजेड कमी पडला तर भाडेकरू घर सोडतो. हिरोईन पांढरी पडते, मग उपासानं जाते. म्हणून उजेडाचे शो ठरलेले. बारा ते तीन, तीन ते सहा, सहा ते नऊ. “लास्ट शो न्हाई. लास्ट शोनं माणूस बिघडतो, ही तर जनावर हाय.” पहिले दोन शो उन्हाचे, तिसरा ट्यूबलाईटचा. एकदा त्यांनी ट्यूबला निळा जिलेटीनचा कागद गुंडाळला, खोल समुद्रात उजेड निळा असतो म्हणून. दुसऱ्या दिवशी बघतात तर हिरोईन तळवा सरकवत सरकवत दगडाच्या पार वरच्या टोकाला चढून बसलेली. “तिकिटाचे पैसे परत मागायलीय,” मालक म्हणाले आणि कागद काढून टाकला.

उन्हाचे शो मेहनतीचे. झरोक्यातून आलेला उन्हाचा चौकोन जमिनीवरून सरकत जाणार, पेटी तर एका जागी. मालकांनी न्हाव्याच्या दुकानातला एक जुना आरसा आणला होता. तो स्टुलावर ठेवून ते चौकोनात बसवायचे आणि ऊन पेटीवर फेकायचे. चौकोन सरकला की स्टूल सरकवायचं, आरसा तिरपा करायचा. “फोकस,” एवढंच म्हणायचे. स्वच्छ ऊन असलं की मालक घराबाहेर पडत नसत. लग्नाला जायचे ते वरातीला. सेलूला सख्ख्या पुतण्याचं लग्न, तर म्हणाले, “आभाळ आलं तर येतो.” आलं नाही, गेले नाहीत. पुतण्या पुढं त्यांच्याशी बोलत नव्हता.

उन्हाळ्यात पेटीला ओली पोती गुंडाळायची. पाणी उडून पातळी खाली जायची. शेजारची सुंदरामावशी एकदा खडे मिठाची पुडी घेऊन आली, समुद्र आळणी झाला असेल म्हणून. मावशी मूळची पोखर्णीची, गळ्यात माळ, गल्लीतल्या सगळ्या बाळंतपणांना तिचा हात. मालकांनी तिला समजावलं, “अगं, पाणी उडतं, मीठ उडत न्हाई. मीठ वाढवलं तर मरंल ती. गोडं पाणीच घालायचं असतंय.”

“समुद्रात गोडं?”

“मग आपली गंगा कुठं जाती?”

तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मावशीला ते इतकं पटलं की पुढं गंगाखेडला गेली की ती एक कळशी भरून आणायची आणि पेटीत ओतताना हात जोडायची.

आणि लाईट गेली की मालक आमच्या दारात. “लाईनमनसाहेब, हिरोईन गुदमरायलीय.” माझा नवरा ताटावरून उठायचा. कितीदा तरी गावाच्या दुसऱ्या टोकाला खांबावर चढलेला असताना खाली मालक सायकल धरून उभे असायचे, कोणती तार कुठं जाते ते विचारत. नवरा म्हणायचा, आपल्याला खोली दिलेली नाही, मला ठेवून घेतलंय.

मला दिवस गेले तेव्हा ठरलं होतं की पहिलं बाळंतपण माहेरी. वडील न्यायला येणार होते. मी दिवस मोजत होते, खरं तर लाटा मोजत होते असं म्हणायला हवं, कारण डोळे मिटले की तेच दिसायचं. आईच्या हातची पेज, मागच्या दारी वाळत घातलेली सुकट, संध्याकाळचा खारा वारा. पण त्या सुमारास नामांतरावरून पुन्हा मोर्चे आणि बंद सुरू होते, एसट्या कधी सुटतील याचा नेम नव्हता, आणि वडील निघतो निघतो म्हणत राहिले तोवर माझे पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता प्रवास नाही. मी घरी येऊन पत्र्याच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपले.

मुलगी दवाखान्यात झाली. वैशाखाचं ऊन. आमच्या पत्र्याखाली दुपारी हात लावू तिथं चटका. सुंदरामावशीनं दारातूनच खोली बघितली आणि मालकांकडं गेली.

“मालक, हितं लेकरू भाजंल. माळवद लागतंय.”

“घ्या की,” मालक म्हणाले.

“घ्या म्हणून हुत न्हाई. बाळंतिणीच्या खोलीत तुमाला येता यायचं न्हाई, बारसं हुऊन सुईर फिटुस्तोवर.”

“न्हाई येत.”

“आन् ते वरचं भोक बुजवावं लागंल. झळा येत्यात तिथून. उजेड बी नको, लेकराचे डोळे दिपत्यात. तुमची ती उजेडाची नळी बी लावायची न्हाई.”

मालक टोपी काढून झटकत राहिले. मी अंगणात, मुलीला पदराखाली घेऊन उभी होते. मला म्हणायचं होतं, नको, आम्ही पत्र्यातच राहू. पेटी बाहेर काढणं शक्य नव्हतं. ती तिथंच जोडलेली, हलवली तर फुटली असती, आणि नवं पाणी आणायला रिळवाला त्या महिन्यात येणार नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही, कारण मुलीचं अंग तापलेलं होतं.

“मावशे,” शेवटी मालक म्हणाले, “हिला आत निजव.”

मी बाजेवर पडले. उन्हाचा चौकोन जमिनीवर होता, आरसा स्टुलावर तसाच, आणि पेटीत हिरोईन पूर्ण उमललेली, दुसरा शो चालू होता तिचा. मग छतावर पावलं वाजली. मालक स्वतः वर गेले होते. वरून थोडी माती झरली, ती मी मुलीच्या कपाळावरून पुसली. पोतं ओढल्याचा आवाज आला, आणि चौकोन एका बाजूनं कमी होत गेला. आरशातला उजेड पेटीवरून सरकून भिंतीवर गेला, मग भिंतीवरूनही गेला. पोत्यावर दगड ठेवल्याचा दणका बसला.

वरून आवाज आला, “लेकी, झालं का बंद?”

एरवी ते मला ताई म्हणायचे.

“झालं,” मी म्हणाले.

नंतर बराच वेळ पावलं वाजली नाहीत. ते वरच बसून राहिले होते, भर उन्हात.

मग रोज सकाळ-संध्याकाळ मालक उंबऱ्याबाहेर. आत बघायचं नाही म्हणून पाठमोरे. “कशी हाय?” एवढंच विचारायचे. मावशी म्हणायची, “कोण? लेकरू का तुमची ती भवानी?” मालक म्हणायचे, “तू सांगशील ती.” आधी मावशी मुलीचं सांगायची. दूध किती घेतलं, शी कशी झाली. मालक सगळं ऐकून घ्यायचे, मधे तोडत नसत. मग मावशी म्हणायची, “ती बी हाय. हालायलीय.”

तेवढ्यात आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. माझा नवरा मालकांसमोर मान खाली घालून उभा राहिला. “दुसरा आल्याशिवाय काही करता येत नाही हो.” मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, “पिक्चर तुटतंय कधी कधी. ऑपरेटरला शिव्या देऊ नये.” हवेची मोटर बंद पडली, बुडबुडे थांबले. खोली एकदम मुकी झाली. मालकांनी बाहेरूनच मावशीला शिकवलं. तांब्यानं पेटीतलं पाणी घ्यायचं आणि उंचावरून धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा जाते. माळकरी मावशी नाक दाबून ते करायची. “आवघा जन्म गेला, आन् म्हातारपणी समुद्राला आंघोळ घालायलेय,” असं पुटपुटत. खाऊ घालायचं मात्र तिनं साफ नाकारलं. आईनं पाठवलेली सुकट माझ्या ट्रंकेत होती. मी ती पाण्यात भिजवून, खारटपणा काढून, मावशीची पाठ वळली की बोटांत धरून हिरोईनला द्यायची. बाळंतिणीनं गार पाण्यात हात घालायचा नसतो. तिची बोटं माझ्या बोटांना चिकटायची आणि ओढायची, मुलगी स्तनाला ओढते त्याहून थोडं कमी.

अंधारात डोळे सरावले की दिसायला लागलं. आधी जांभळी टोकं फिकी झाली, मग हिरवटपणा गेला. शेवटी ती कापसासारखी झाली, बोटं आखडलेली. मालकांनी विचारलं की मावशी अजूनही “हालायलीय” म्हणायची. रंगाचं तिनं सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

बारशाच्या दिवशी मालक आत आले. हातात मुलीसाठी झबलं. पेटी दारातून सरळ समोर दिसते, पण ते तिकडं पाठ करून पाळण्याशी बसले. मुलीच्या मुठीत बोट दिलं. तिचं नाव विचारलं, दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. मावशीला कुंची नीट बांधायला सांगितली. मग ते उठले, वळले आणि पेटीपाशी गेले. बराच वेळ वाकून राहिले.

“भाडेकरू गेला,” ते म्हणाले.

मला रडू आलं. “मालक, मी सांगायला हवं होतं.”

“सांगून काय केलं असतंस? भोक उघडलं असतंस?” ते सरळ झाले. “जिवंत हाय. हाय ना? मग. घर उभं असलं की भाडेकरू येतोय परत.”

पोतं काढलं त्यांनी, पण ऊन एकदम आत घेतलं नाही. इतके दिवस अंधारात राहिलेल्याला एकदम ऊन सोसत नाही म्हणाले. आपलं पांढरं धोतर चौघडी करून झरोक्यावर ताणलं. काही दिवसांनी एक घडी काढली, मग आणखी एक. गल्लीत लोक हसायचे, मालकाचं धोतर माळवदाला नेसवलंय म्हणून. मी मुलीला मांडीवर घेऊन तिथंच बसायची. सुकट मालकच भरवायला लागले, माझ्यासारखी भिजवून.

शेवटची घडी निघाली तेव्हा देठाच्या वर, बोटांच्या मुळाशी, चहात दूध जास्त झाल्यासारखा रंग दिसायला लागला होता. टोकं अजून पांढरीच होती. आणि त्याच सुमारास नवऱ्याची बदली झाली, आणखी आत, विदर्भात.

सामान बांधून झाल्यावर मी मालकांच्या पाया पडले. म्हणाले, “एकदा आमच्या गावाला चला मालक. तुम्ही कुठला समुद्र बघितलाय ठाऊक नाही, पण आमचा बघा.”

“मी कुठं बघितलाय,” मालक म्हणाले.

मला वाटलं मस्करी करतायत.

“रिळात बघितला. लय येळा दाखवला लोकांना, त्या मशीनच्या बारक्या खिडकीतून. परभणी सोडून मी जालन्याच्या पुढं गेलेलो न्हाई.” ते आरसा पुसत होते. “एक विचारू का? पलीकडची कड खरंच दिसत न्हाई म्हणत्यात.”

“नाही दिसत.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग फोकस कशावर धरायचा?”

इतके दिवस मी त्यांना भरती-ओहोटी सांगत होते, आणि भीत होते की माझं अज्ञान उघडं पडेल. त्यांनी समुद्राबद्दल मला एकच खरा प्रश्न विचारला, आणि रिक्षा दारात उभी होती.

आता मुलगी शाळेत जाते. इथून समुद्र परभणीपेक्षाही लांब आहे. वर्षाकाठी एकदा मला माहेरी जायला मिळतं, तेही सुट्टी जमली तर, आणि त्या थोड्या दिवसांवर मी बाकीचं वर्ष काढते. सुंदरामावशीच्या नातेवाइकांकडून कळतं की मालक आहेत, आरसा फिरवतात, कुठं जात नाहीत. हिरोईनच्या टोकांना रंग आला की नाही, हे त्या नातेवाइकांना सांगता येत नाही.

मी ठरवलंय. एका वर्षीचं माहेरपण मी मालकांना देणार आहे. नवरा त्यांना घेऊन आमच्या गावाला जाईल, आई त्यांना पेज वाढील, वडील ओहोटीला खडकावर नेऊन बसवतील. हवे तितके दिवस बसू देत. तेवढे दिवस मी परभणीला माळवदात बसून शो चालवीन.